पहिली मार्च, १९५४ : फ्रान्सच्या कामकरी धर्मगुरूंचा पेच



'ख्रिस्ती नीतिविचारापुढील आजचे प्रश्न' हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविला, तेव्हा मी त्यांना म्हटले, की ह्यासाठी तुम्हांला एखादा धर्मगुरू किंवा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक मिळाला नाही काय? मी ख्रिस्ती नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपुढे गेलेले नाही. कामगार संघटनेत घातलेली तीस वर्षे आणि पाळी सुटल्यावर हाती लागेल ते वाचण्याची सवय, एवढेच माझे भांडवल. चालक म्हणाले, तुमच्या बाजूने जे दिसते ते सांगा. तेव्हा तेच सांगतो.

ह्या विषयाखाली प्रश्नांची यादी लांब होते. गर्भपात, इच्छामरण, घटस्फोट, अणुबाँब, आणि अलीकडे माणसासारखा विचार करू पाहणारी यंत्रे. ती यादी मी वाचून दाखविणार नाही. नीतीचा निर्णय घेणे म्हणजे नेमके काय, हे यादीवरून कळत नाही. ज्याला तो निर्णय एका ठराविक दिवसापर्यंत घ्यावा लागला, अशा माणसाकडे पाहिले म्हणजे कळते. म्हणून मी अशी सुमारे शंभर माणसे निवडली आहेत. ती फ्रान्समधली. सगळे कॅथलिक धर्मगुरू, आणि सगळे कारखान्यात, गोदीत किंवा बांधकामावर मजुरी करणारे. त्यांना दिलेली मुदत होती १ मार्च १९५४.

हे लोक कारखान्यात गेले कशाला, हे आधी पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये गिरण्या आणि खाणी वाढल्या, खेड्यांतली माणसे शहरांच्या कडेला येऊन राहिली, आणि गावच्या चर्चशी असलेली त्यांची नाळ तुटली. पण नुसते अंतर वाढले असे नव्हे, वैर आले. १८७१ साली पॅरिसच्या कामकऱ्यांनी कम्यूनचे राज्य स्थापिले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी ओलीस ठेवलेल्या आर्चबिशप दार्ब्वा ह्यांना गोळ्या घातल्या, आणि सरकारी फौजेने कम्यूनवाल्यांना हजारोंच्या संख्येने ठार केले. ज्या माँमार्त्रच्या टेकडीवर कम्यूनचा उठाव सुरू झाला, त्याच टेकडीवर पुढे राष्ट्राच्या प्रायश्चित्तासाठी म्हणून साक्रे-कर हे भव्य पांढरे चर्च उभे राहिले. आपल्याकडचे प्रवासी त्याच्या पायऱ्यांवर उभे राहून छायाचित्रे काढतात. पॅरिसच्या कामगाराला पिढ्यानपिढ्या त्या इमारतीत आपला पराभव दिसत आला.

रोमला ह्याची जाणीव नव्हती असे नाही. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. त्यात समाजवाद नाकारला आहे, खाजगी मालमत्तेचा हक्क उचलून धरला आहे. पण त्याबरोबरच कामगाराला आपली संघटना बांधण्याचा हक्क आहे, आणि दोघांनी मान्य केलेली मजुरीदेखील पोटाला पुरत नसेल तर ती न्याय्य नव्हे, असेही स्वच्छ सांगितले आहे. हा दुसरा मुद्दा कित्येक कॅथलिक मालकांच्या गळ्याखाली उतरला नाही. उत्तर फ्रान्समधील कापडगिरण्यांच्या मालकांच्या पुढाऱ्याने तर ख्रिस्ती कामगार संघांविरुद्धच रोमकडे तक्रार केली. १९२९ साली रोमने उत्तर दिले ते संघांच्या बाजूने. त्याच सुमारास लीलचे नवे बिशप लिएनार ह्यांनी अलुआँ येथील संपवाल्या गिरणी कामगारांच्या कुटुंबांसाठी उघडलेल्या मदतनिधीच्या यादीत आपले नाव घातले. हे लिएनार पुढे कार्डिनल झाले. आपल्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

तरीही कामगार चर्चकडे परतला नाही. १९४३ साली आंरी गोदँ आणि इव्हाँ दानिएल ह्या दोन धर्मगुरूंनी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच प्रश्न होता : फ्रान्स हा मिशनऱ्यांनी जाण्याचा देश आहे काय? त्यांचे म्हणणे असे, की आपण आफ्रिकेत आणि आशियात धर्मप्रसारक पाठवितो, पण पॅरिसच्या कामगारवस्तीत आपण तितकेच परके आहोत. तिथला कामगार आपली भाषा बोलत नाही, आणि चर्चमध्ये यायचे तर त्याला आधी मध्यमवर्गीय व्हावे लागते. पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल स्युहार ह्यांनी हे म्हणणे मनावर घेतले आणि 'पॅरिसचे मिशन' सुरू केले. मिशनचे काम सुरू होत असतानाच, जानेवारी १९४४ मध्ये, गोदँ आपल्या खोलीत शेगडीच्या धुराने गुदमरून वारले. वय अवघे सदतीस.

ह्याच काळात महायुद्धाने आपल्या परीने एक धडा दिला. फेब्रुवारी १९४३ च्या कायद्याने फ्रेंच तरुणांना सक्तीने जर्मनीतील कारखान्यांत पाठविण्यात येऊ लागले. गेलेल्यांची संख्या लाखांत आहे. त्यांच्याबरोबर धर्मगुरू पाठविण्यास जर्मनांनी परवानगी नाकारली. तेव्हा काही धर्मगुरू आपली ओळख लपवून साधे कामगार म्हणून गेले. आंरी पेराँ नावाचा तरुण जेझुइट त्यांतला एक. तो लाइपझिगला कारखान्यात लागला, पकडला गेला, तुरुंगात राहिला आणि फ्रान्सला परत पाठविला गेला. त्याची रोजनिशी १९४५ साली प्रसिद्ध झाली. बराकीत, झगा नाही, चर्च नाही, मानमरातब नाही, अशा अवस्थेत माणसे प्रथमच आपल्याशी माणसासारखी बोलली, हा अनुभव अशा धर्मगुरूंनी परत आणला. मार्सेयच्या गोदीत झाक लव हा डोमिनिकन, जो आधी वकील होता, १९४१ पासूनच ओझी उचलीत होता.

युद्धानंतर ही संख्या वाढत शंभराच्या आसपास पोचली. कोणी लेथवर, कोणी ओतशाळेत, कोणी धरणाच्या बोगद्यात. दिवसभर काम, रात्री वस्तीतल्या खोलीत जेवणाच्याच टेबलावर मिस्सा. बोर्दोच्या गोदीत मिशेल फाव्ह्रो नावाचा तरुण धर्मगुरू एप्रिल १९५१ मध्ये माल उतरविताना अपघातात ठार झाला. ज्यांच्यात राहायचे त्यांचेच मरणही वाट्याला येऊ शकते, हे त्यानंतर कोणी सांगण्याची गरज राहिली नाही.

आता खरा पेच येतो, आणि येथे मी माझ्या धंद्यातले दोन शब्द बोलतो. कारखान्यात नवा माणूस आला, की काही महिने सगळे त्याला जोखतात. मुकादमापुढे हा वाकतो काय, दुसऱ्याच्या वाट्याचे काम ओढतो काय, पगाराच्या दिवशी काय बोलतो. त्यात तो उतरला, आणि त्याला चार ओळी नीट लिहिता येत असल्या, की लोक त्याला म्हणतात, तू कमिटीवर उभा राहा. ह्याला नकार देणे फार कठीण असते. 'मी तुमच्यातला आहे, पण साहेबापुढे तुमच्या वतीने बोलणार नाही,' असे जो म्हणतो, तो त्यांच्यातला राहत नाही. ह्या फ्रेंच धर्मगुरूंचे हेच झाले. ते शिकलेले होते, बोलू शकत होते, आणि त्यांना बायकामुलांचा पाश नव्हता. संपात पुढे कोणाला घालावे हे कामगाराला चटकन कळते. पेराँ आल्प्समधील एका धरणाच्या कामावर लागला होता. तेथे तो युनियनचा पुढारी झाला आणि त्याने संप चालविला.

आणि युनियन कोणती? फ्रान्समध्ये १९१९ पासून ख्रिस्ती कामगार संघ होता. पण मोठ्या कारखान्यांतली बहुसंख्य माणसे सेजेटे ह्या संघटनेत होती, आणि तिचे नेतृत्व कम्युनिस्टांकडे होते. बहुतेक कामकरी धर्मगुरू तिथेच गेले, कारण त्यांचे सोबती तिथे होते. इकडे रोमने १ जुलै १९४९ रोजी फर्मान काढले होते, की कम्युनिझमचा जडवादी सिद्धान्त पत्करणारा कॅथलिक धर्मबहिष्कृत होय. ही भीती अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत हंगेरीच्या कम्युनिस्ट सरकारने कार्डिनल मिंडसेंटी ह्यांना खटल्याचे सोंग करून जन्मठेप ठोठावली होती. पूर्व युरोपात धर्मगुरू तुरुंगात, आणि फ्रान्समध्ये धर्मगुरू त्यांच्याच भाईबंदांच्या झेंड्याखाली, हे चित्र रोमहून कसे दिसले असेल याची कल्पना करावी. मे १९५२ मध्ये अमेरिकन सेनापती रिजवे ह्यांच्याविरुद्ध पॅरिसमध्ये निदर्शने झाली. त्यांत दोन कामकरी धर्मगुरू पकडले गेले आणि त्यांना पोलिसांचा मार पडला. वर्तमानपत्रांना विषय मिळाला.

ख्रिस्ती नीतिशास्त्राजवळ अशा प्रसंगासाठी एक जुने हत्यार आहे, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. दुसऱ्याच्या वाईट कृत्यात आपला हात किती, हे मोजण्याचे ते माप. एक सहभाग हेतूचा : करणाऱ्याचा वाईट हेतू आपलाच मानणे. दुसरा नुसत्या कृतीचा : हेतू आपला नाही, पण आपल्या कामाचा त्याला उपयोग होतो. पहिला नेहमीच निषिद्ध. दुसरा कधी चालतो, कधी नाही. कारण किती गंभीर आणि आपण त्या कृत्याच्या किती जवळ, यावर ते ठरते. जुन्या शास्त्र्यांचे आवडते उदाहरण शिडी धरणाऱ्या नोकराचे. मालक दुष्ट हेतूने रात्री दुसऱ्याच्या खिडकीतून आत शिरतो आहे. नोकर नोकरी जाईल म्हणून शिडी धरतो. त्याला दोष लागतो की नाही? लागत नाही, असे काही पंडितांनी लिहून ठेविले होते. १६७९ साली पोप इनोसंट अकरावे ह्यांनी ते मत चुकीचे ठरविले.

श्रोतेहो, ही शिडी मी तीस वर्षे पाहत आलो आहे. आमच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्यात उत्पादन वाढावे म्हणून पॉवर प्रेसचे गार्ड काढून ठेवीत. गार्ड काढणारा फिटर आमचाच सभासद होता. साहेबाने सांगितले, त्याने काढले. चार महिन्यांनी दुसऱ्याची तीन बोटे गेली. तो फिटर माझ्या घरी येऊन बसला आणि त्याने विचारले, माझा ह्यात किती वाटा? मला त्या वेळी इनोसंट पोप माहीत नव्हते. पण प्रश्न तोच होता, आणि माझ्या मते त्याचे उत्तर 'थोडा का होईना, पण आहे' हेच होते. तो तसे ऐकण्यासाठीच आला होता असे मला वाटते, कारण त्यानंतर त्याने पुन्हा गार्डला हात लावला नाही.

हेच माप फ्रेंच धर्मगुरूंना लावून पाहा. सेजेटेच्या सभासदत्वाची वर्गणी भरणारा धर्मगुरू कम्युनिस्टांची शिडी धरतो काय? रोमचे म्हणणे, होय. धर्मगुरूंचा प्रतिप्रश्न असा, की मग मालकाच्या देणगीवर चर्च बांधणारा धर्मगुरू कोणाची शिडी धरतो? ह्या प्रश्नाला रोमहून उत्तर आल्याचे माझ्या वाचनात नाही.

१९५३ च्या सप्टेंबरात पोपचे वकील मारेल्ला ह्यांनी फ्रेंच बिशपांना हा प्रयोग थांबविण्याचा हुकूम कळविला. नोव्हेंबरात लिएनार, जर्लिए आणि फेल्ताँ हे तीन कार्डिनल रोमला गेले आणि पोप पायस बारावे ह्यांच्याशी बोलून जेवढे वाचविता येईल तेवढे घेऊन आले. १९ जानेवारी १९५४ च्या पत्राने अटी धर्मगुरूंच्या हाती पडल्या. मजुरी दिवसाला तीन तासांपलीकडे नको. युनियनची जबाबदारी सोडा, तिचे सभासदत्वही सोडा. एकटे राहू नका. चर्चशी किंवा धर्मगुरूंच्या एखाद्या समूहाशी जोडून राहा. मुदत १ मार्च.

तीन तास! कोणत्या कारखान्याची पाळी तीन तासांची असते? अट लिहिणाऱ्याने हजेरीपट कधी पाहिला नव्हता, हे तिच्या शब्दावरूनच दिसते. ती पाळायची म्हणजे कारखाना सोडायचा.

३ फेब्रुवारीला त्र्याहत्तर धर्मगुरूंनी एक जाहीर पत्रक काढले. त्याचा आशय असा, की ह्या अटी म्हणजे आम्ही कामगाराचे जिणे सोडून देणे आणि लढ्याकडे पाठ फिरविणे होय. कामगारवर्गाला आपल्या दैन्याकडे करुणेने वाकून पाहणारे नकोत, लढ्यात बरोबरीने उभे राहणारे हवेत. त्याच महिन्यात त्यांची पाठराखण करणाऱ्या डोमिनिकन पंथाच्या तीन प्रांतप्रमुखांना काढून टाकण्यात आले, आणि शनु व काँगार ह्यांसारख्या विद्वानांना पॅरिसबाहेर धाडण्यात आले.

निर्णय मात्र ज्याचा त्याला घ्यावयाचा होता. आणि तो बरे आणि वाईट ह्यांमधला नव्हता, हीच त्यातली अडचण. प्रत्येकाने दोन वचने दिलेली होती. एक दीक्षेच्या वेळी, बिशपच्या हातात हात देऊन, आज्ञापालनाचे. दुसरे तोंडाने उच्चारलेलेच नव्हते. ते रोज भोंगा वाजल्यावर हजर राहून दिलेले होते, आणि शेजारच्या मशिनवरच्या माणसाने ते खरे मानले होते.

कॅथलिक परंपरेत ह्या दोन्हींना आधार आहे. आज्ञापालन हा तेथे गुण आहे, आणि तो केवळ भीतीने पाळायचा नसतो. पण तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस ह्यांनी असेही शिकविले आहे, की माणसाची सदसद्विवेकबुद्धी चुकत असली तरी तिच्याविरुद्ध वागणारा पापी ठरतो. मात्र ती बुद्धी नीट घडविण्याची जबाबदारीही त्याचीच. १९५६ साली रोमने 'प्रसंग पाहून नीती ठरविणे' ह्या नव्या मताचा निषेध केला, तो ह्याच भीतीपोटी : प्रत्येकजण आपल्या हट्टाला सदसद्विवेक म्हणू लागला तर नियमाला काय उरेल? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्याकडेही संप मोडून कामावर जाणारा मनाची साक्ष काढतोच.

निम्म्याच्या जवळपास धर्मगुरूंनी आज्ञा मानली. मार्सेयच्या लव ह्यांनी गोदी सोडली. ह्या पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे, की मी येथे चर्चच्या वतीने आलो. चर्चची आज्ञा मोडून राहिलो तर मी येथे केवळ माझ्या वतीने राहीन, आणि मग मी कामगाराला देणार काय? उरलेले मशिनवर राहिले. त्यांना मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार गमवावा लागला. त्यांचे म्हणणे असे, की मालक आणि चर्च शेवटी एकच, हे कामगार शंभर वर्षे म्हणत आला; आज मी गेलो तर ते खरे होते असे मीच सिद्ध करीन.

माझे मत विचाराल, तर ते राहिलेल्यांकडे झुकते. पण गेलेल्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार मला नाही. शिस्त म्हणजे काय हे मी जाणतो. कमिटीचा निर्णय स्वतःला पटला नसताना मी तो सभासदांकडून पाळून घेतला आहे. फरक एवढाच, की आमच्याकडे तो हात वर करून झालेला असतो, आणि पुढच्या सभेत फिरविता येतो. येथे ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता त्या धर्मगुरूंना मताधिकार नव्हता, आणि ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते त्या कामगारांना तर कोणी काही विचारलेच नाही. बिशपांची पत्रे, रोमची उत्तरे, पंडितांचे लेख ह्या सगळ्या कागदांत शेजारच्या मशिनवरचा तो माणूस बोलताना दिसत नाही. कामगाराशी कसे वागावे ह्याचा निर्णय कामगाराला न विचारता करावयाचा, ही सवय मात्र मालकांनी आणि धर्मसत्तेने अगदी सारखी जोपासलेली आहे.

पेराँचे काय झाले? तो बाजूला होऊन विचार करीत राहिला, आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याची पत्रे मित्रांनी पुढे पुस्तकरूपाने छापली.

जुलै १९५९ मध्ये रोमने उरलेसुरले दारही लावून घेतले : पूर्णवेळ कारखान्यातले काम आणि धर्मगुरूपद एकत्र नांदू शकत नाहीत, असे पत्र कार्डिनल फेल्ताँ ह्यांना आले. सहाच वर्षांनी चित्र पालटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची अखेरची बैठक चालू असताना, ऑक्टोबर १९६५ मध्ये, फ्रेंच बिशपांना काही धर्मगुरू पुन्हा पूर्णवेळ कामावर पाठविण्याची मुभा मिळाली, आणि डिसेंबरात परिषदेने धर्मगुरूंविषयीच्या आपल्या दस्तऐवजात हाताने काम करणाऱ्यांचाही उल्लेख केला. देशोधडीला लावलेले काँगार आणि शनु ह्यांच्या विचारांची छाप त्या परिषदेवर पडलेली आहे. काँगार तर १९९४ साली कार्डिनल झाले. पुढच्या वर्षांत फ्रान्समध्ये कामकरी धर्मगुरूंची संख्या काही शेकड्यांवर गेली.

अलीकडे, मे २०२५ मध्ये, नव्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतले, आणि निवडीनंतर दोनच दिवसांनी कार्डिनलांना सांगितले, की ते १८९१ च्या परिपत्रकाची आठवण ठेवून घेतले आहे. कारण कृत्रिम बुद्धीची यंत्रे आज कामाच्या आणि कामगाराच्या प्रतिष्ठेपुढे तसाच प्रश्न उभा करीत आहेत. त्या प्रश्नावरही परिपत्रके निघतील आणि समित्या बसतील. गोदामात यंत्राच्या हुकमाने पावले मोजून धावणारी पोरे त्या समितीच्या खोलीत असतील की नाही, हे मी १९५४ च्या अनुभवावरून विचारतो.

१९६५ ची परवानगीदेखील बिनशर्त नव्हती. जे १९५४ साली राहिले होते, त्यांना कोणी सन्मानाने परत बोलाविले असे झाले नाही. तोवर काहींनी लग्ने केली होती, काही मशिनवरच म्हातारे होत होते. नव्याने जाणाऱ्यांना युनियनचे सभासद होण्याची मोकळीक मिळाली. युनियनचे पद मात्र घ्यायचे नव्हते. ती अट पुढे तीन-चार वर्षांत कारखान्यांतच ढिली पडली, कारण लोकांनी त्यांना पुन्हा निवडून देण्यास सुरुवात केली.